बाग-प्रश्नोत्तरे : पानांची फुले आणि मुंबईचा पावसाळा

पाऊस सरल्यावर या सदराकडे येणाऱ्या पत्रांत दरवर्षी एक तक्रार हमखास असते. हौसेने आणलेली, कमळासारख्या रचनेच्या जाड पानांची छोटी रोपे श्रावण उजाडण्याआधीच कुजून गेली, अशी ती तक्रार. एका मध्याभोवती पाने फुलाच्या पाकळ्यांप्रमाणे रचलेल्या या झाडांना रोपवाटिकांमध्ये ‘रोझेट सक्युलंट’ म्हणतात. या वेळी त्यांच्याविषयीची पत्रे एकत्र घेतली आहेत.

गेल्या मार्चमध्ये मी गुलाबाच्या आकाराची पाच वेगवेगळी सक्युलंट आणली. कुंड्यांवर नाव नव्हते. पाचही एकाच खिडकीत ठेवली आणि पाणी सारखेच दिले. जुलैअखेर तीन कुजली. एक राखाडी-निळसर, लांब देठाचे आणि एक लहान, गडद हिरवे, पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचे अशी दोनच राहिली. मुंबईत नेमके कोणते प्रकार टिकतात? (एक वाचक, मुलुंड)

टिकलेल्या दोन रोपांचे वर्णन आपण इतके नेमके केले आहे की ती ओळखता येतात. राखाडी-निळसर रोप बहुधा ‘घोस्ट प्लांट’, म्हणजे ग्रॅप्टोपेटॅलम पॅराग्वायन्स असावे, आणि पांढऱ्या पट्ट्यांचे रोप ‘झेब्रा हॉवर्थिया’, ज्याला आता हॉवर्थिऑप्सिस ॲटेन्युएटा म्हणतात. ही दोन टिकली आणि उरलेली तीन गेली, हे आपल्या निगेतील उणिवेपेक्षा त्या झाडांच्या मूळ गावाशी अधिक निगडित आहे. ही सारी रोपे दिसायला बहिणी-बहिणी असली, तरी कोणी मेक्सिकोच्या पठारावरचे, कोणी आल्प्सच्या कड्यावरचे, तर कोणी दक्षिण आफ्रिकेतील झुडुपांच्या सावलीतले असते. रोप निवडताना त्याचा रंग पाहण्याआधी ते कुठून आले हे विचारावे, असे माझे ठाम मत आहे.

सर्वाधिक विकले जाणारे आणि सर्वाधिक मरणारे रोझेट म्हणजे एकेवेरिया. मेक्सिकोतील वनस्पतिचित्रकार आतानासिओ एचेव्हेरिया यांचे नाव या प्रजातीला १८२८ साली देण्यात आले. एकेवेरियाच्या बहुतेक जाती मेक्सिकोच्या डोंगराळ भागातल्या आहेत. तिथे दिवसा ऊन कडक असते, हवा कोरडी असते आणि रात्र गार होते. या शेवटच्या गोष्टीला फार महत्त्व आहे. ही झाडे आपल्या पानांवरची सूक्ष्म छिद्रे दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडतात, रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात पानात साठवतात आणि दिवसा तो वापरतात, त्यामुळे त्यांचे पाणी फारसे उडून जात नाही. रात्र गार असली की हा व्यवहार सुरळीत चालतो. मुंबईत जून ते सप्टेंबर रात्रीही पारा पंचविशीच्या आसपास असतो, हवा ओलीचिंब असते आणि ऊन नसतेच, म्हणजे या झाडाला हवे त्याच्या अगदी उलट. माझ्याच खिडकीत एका जुलैमध्ये एकेवेरियाची सात रोपे चार दिवसांत गेली, तेव्हा मी ती जवळून पाहिली. आधी सर्वांत खालचे पान सोललेल्या द्राक्षासारखे पारदर्शक झाले, बोट लावताच ते गळून पडले, आणि देठ कापून पाहिला तर आत तपकिरी वलय दिसले. ते वलय दिसू लागेपर्यंत वरची पाने अगदी टवटवीत होती.

तरीही एकेवेरिया लावूच नये असे मी म्हणणार नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस आणून मार्चपर्यंत तिचे रूप डोळे भरून पाहावे, कारण डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्रींत आणि स्वच्छ उन्हात तिच्या पानांच्या कडांवर जी लाली चढते ती इतर वेळी दिसत नाही. त्यांतल्या त्यात ‘पर्ल फॉन न्युर्नबर्ग’ हा जांभळट-गुलाबी संकर आणि ‘ब्लॅक प्रिन्स’ हे काळपट रोप माझ्या अनुभवात तग धरून राहिले, तर एकेवेरिया एलेगन्स, जिला ‘मेक्सिकन स्नोबॉल’ म्हणतात, ती पावसाळ्यात सर्वांत नाजूक ठरली.

दिसायला एकेवेरियासारखे पण अंगाने काटक असे काही हवे असेल तर घोस्ट प्लांट आणि त्याचे संकर घ्यावेत. त्याच्या नावात पॅराग्वे असला तरी ते मूळचे मेक्सिकोच्या तामाउलिपास राज्यातले आहे. नाव देताना झालेली चूक तशीच चिकटून राहिली आहे. सावलीत ते निळसर दिसते, उन्हात पिवळट-गुलाबी होते, आणि गळलेले प्रत्येक पान नवे रोप होऊ पाहते. एकेवेरिया आणि ग्रॅप्टोपेटॅलम यांच्या संकरांना ग्रॅप्टोव्हेरिया म्हणतात, त्यांतील ‘फ्रेड आयव्हज’ हा मोठा, कांस्य-जांभळ्या छटेचा प्रकार मुंबईकरांनी अवश्य लावावा. सेडम या दुसऱ्या सक्युलंटशी झालेले ग्रॅप्टोसेडमचे संकरही असेच चिवट असतात.

आता ज्यांच्या वाट्याला जाऊ नये अशी दोन नावे. सेम्परवायव्हम हे युरोपातील पर्वतांवरचे झाड बर्फाखाली दबूनही जगते. ते घराच्या छपरावर लावले की वीज पडत नाही, अशी तिकडे जुनी समजूत होती. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थच ‘सदाजीवी’ असा आहे, पण त्याला थंडीचा विसावा लागतो आणि तो मुंबईत मिळत नाही. दुसरे एओनियम. कॅनरी बेटांवरचे हे झाड हिवाळ्यात वाढते आणि उन्हाळ्यात पाने मिटून झोपी जाते. आपल्याकडे नेमके त्या झोपेच्या काळात पाऊस कोसळतो. त्याचा ‘झ्वार्टकॉप’ हा काळाभोर प्रकार छायाचित्रांत पाहून मोह होतो, हे मी समजू शकतो.

आमचे घर गिरगावात चाळीत आहे. गॅलरीत सकाळी दीड-दोन तास कोवळे ऊन येते, नंतर समोरच्या इमारतीची सावली. एवढ्या प्रकाशात रोझेट येतील का? (एक वाचक भगिनी, गिरगाव)

अवश्य येतील, आणि मुलुंडच्या वाचकांपेक्षा आपले काम सोपे आहे. आपण हॉवर्थिया कुळातील रोपे लावावीत. दक्षिण आफ्रिकेत ती गवताच्या आणि झुडुपांच्या आडोशाला, खडकांच्या फटींत वाढतात, त्यामुळे थेट ऊन त्यांना सोसत नाही आणि सकाळचे दोन तास पुरतात. ऊन जास्त झाले की पाने विटकरी पडतात, आणि हिरवी राहून लांबट होऊ लागली तर प्रकाश कमी पडतो आहे असे समजावे.

सुरुवात झेब्रा हॉवर्थियापासून करावी. त्यानंतर हॉवर्थिऑप्सिस लिमिफोलिया आणावी. तिच्या पानांवर कानशीच्या दात्यांसारख्या आडव्या उंच रेषा असतात आणि ती आफ्रिकेच्या उन्हाळी पावसाच्या, उष्ण पट्ट्यातून आलेली असल्याने आपला दमटपणा तिला इतरांपेक्षा बरा मानवतो. हात बसला की मग हॉवर्थिया कूपेरी घ्यावी. तिची पाने टोकाशी काचेसारखी पारदर्शक असतात. मूळ ठिकाणी हे रोप मातीत जवळजवळ बुडालेले असते आणि पानांच्या टोकांच्या त्या खिडक्यांतून प्रकाश आतल्या हिरव्या भागापर्यंत उतरतो. सकाळच्या तिरप्या उन्हात ते पान डोळ्यांजवळ धरावे, आतल्या हिरव्या शिरा एकेक मोजता येतात. चाळीच्या गॅलरीत इतके सुंदर दुसरे काही ठेवता येईल असे मला वाटत नाही.

पानांवर पांढरी भुकटी दिसते. कापडाने पुसून काढली तरी चालेल का? (एक वाचक, माहीम)

ती भुकटी सर्व पानांवर सारखी, तलम, चूर्णासारखी पसरलेली असेल तर कृपया पुसू नये. तो झाडाने स्वतः तयार केलेला मेणाचा थर असतो, तो प्रखर उन्हापासून आणि पाण्यापासून पानाचे रक्षण करतो. त्या पानावरून एकदा पुसला गेलेला थर पुन्हा पहिल्यासारखा येत नाही, बोटांचे ठसे पान गळेपर्यंत दिसत राहतात. म्हणून असे रोप नेहमी कुंडीला धरून उचलावे.

मात्र पांढरे काही कापसाच्या बोळ्यासारखे, पानांच्या बेचक्यात किंवा अगदी मध्यावरच्या कोवळ्या पानांत दडलेले असेल, तर तो पिठ्या ढेकूण आहे. ते रोप त्याच दिवशी इतरांपासून वेगळे करावे, कानात घालायच्या कापसाच्या काडीला सर्जिकल स्पिरिट लावून एकेक कीड टिपून घ्यावी आणि आठवड्याने पुन्हा पाहावे. एका वेळेत काम होत नाही, कारण अंडी राहून जातात. मुंग्यांची रांग कुंडीकडे जाताना दिसली तर मुळांतही पाहावे.

माझे रोझेट आणले तेव्हा बशीसारखे पसरट होते. आता त्याचा देठ वीतभर उंच झाला असून पाने विरळ झाली आहेत. ते पुन्हा पूर्वीसारखे होईल का? (एक वाचक, बोरिवली)

लांबलेला देठ परत आखूड होत नाही, परंतु झाड नव्याने घडवता येते. प्रकाश कमी पडला की झाड त्याच्या शोधात उंच होते आणि दोन पानांमधले अंतर वाढते. मुंबईच्या घरांत खिडकीची दिशा पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. साधारण १५ मे आणि २८ जुलैच्या सुमारास सूर्य इथे भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि या दोन तारखांच्या मधल्या काळात तो किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे दक्षिणेच्या ज्या खिडकीत जानेवारीत ऊन खोलीच्या मध्यापर्यंत येते, तिथेच जूनमध्ये कठड्यावरही पोहोचत नाही. आपण रोप हलवले नाही, तरी सूर्य हललेला असतो.

झाड नव्याने घडवायचे म्हणजे वरचे रोझेट, त्याचे डोके, कापून पुन्हा लावायचे. हे डोके छाटण्याचे काम नोव्हेंबर ते जानेवारीत करावे. पावसाळ्यात ते मुळीच हाती घेऊ नये. वरच्या दाट रोझेटखाली दोन-तीन सेंटिमीटर देठ राहील अशा बेताने जागा निवडावी आणि तेवढ्या भागातली पाने हलकेच आडवी हलवून काढावीत. मग तिथे नायलॉनचा बारीक दोरा गुंडाळून दोन्ही टोके विरुद्ध दिशांना ओढावीत. सुरी पानांत अडते, दोरा मात्र देठ स्वच्छ कापतो. छेद पांढरट-हिरवा असला तर रोप निरोगी आहे, तपकिरी ठिपका दिसला तर तो नाहीसा होईपर्यंत वरच्या दिशेने कापत जावे. कापलेले डोके एखाद्या वाटीच्या तोंडावर, देठ हवेत राहील असे टेकवून पाच-सहा दिवस सावलीत ठेवावे, छेद सुकून त्यावर खपली धरली की कोरड्या मिश्रणावर बसवावे आणि मुळे दिसल्यावरच पाणी द्यावे. खालचे खोड टाकून देऊ नये. त्याला फुटवे येतात, आणि महिना-दीड महिन्यात एकाच्या जागी तीन-चार रोझेट पाहायला मिळतात.

मिश्रण कसे करावे? माझ्याकडे लाल माती, शेणखत आणि कोकोपीट आहे. (एक वाचक, चेंबूर)

ही तिन्ही द्रव्ये पाणी धरून ठेवणारी आहेत आणि मुंबईत आपल्याला नेमके तेच टाळायचे आहे. लाल माती कुंडीत दगडासारखी बसते. मी एक भाग लाल माती किंवा चांगले कुजलेले गांडूळखत-मिश्रित पॉटिंग मिक्स आणि दोन भाग खरखरीत द्रव्य घेतो. खरखरीत द्रव्य म्हणजे रोपवाटिकेत मिळणारे सिंडर (जळलेल्या कोळशाचे खडबडीत तुकडे), विटांचे वाटाण्याएवढे तुकडे, नदीची जाड वाळू किंवा परलाइट (खनिजाचे हलके पांढरे दाणे). विटांचा चुरा चाळून त्यातली भुकटी आधी फेकून द्यावी, नाही तर सगळी मेहनत वाया जाते. समुद्राची वाळू तिच्यातील मिठामुळे कधीही वापरू नये. शेणखत मात्र या झाडांना नकोच. नवे रोप आणल्यावर त्याच्या मुळांभोवतीचा कोकोपीटचा गोळा हळुवार मोकळा करून काढावा, आणि वरचे रंगीत खडे गोंदाने चिकटवलेले असतील तर तेही काढून टाकावेत, कारण त्यांच्याखाली माती किती ओली आहे हे कळतच नाही.

पाणी कधी द्यावे हे बोटाने नव्हे, खराट्याच्या काडीने पाहावे. काडी कुंडीच्या तळापर्यंत खोचून पाच मिनिटांनी काढावी. ती ओलसर आली किंवा तिला माती चिकटली, तर थांबावे. पावसाळ्यात माझी हॉवर्थिया दहा-पंधरा दिवस आणि एकेवेरिया तीन-तीन आठवडे पाण्यावाचून राहते. या काळात कुंडीखालची बशी काढूनच टाकावी. मुळे वाचतात आणि डासांची पैदासही होत नाही, हा मुद्दा पालिका दरवर्षी सांगतेच. खिडकीच्या ग्रीलवर पारदर्शक पत्रा टाकावा पण बाजू उघड्या ठेवाव्यात. वारा खेळता नसेल तर दिवसातून काही तास टेबलफॅन लावावा. मुंबईतील रोझेट वाचवण्यात कोणत्याही बुरशीनाशकापेक्षा या वाऱ्याचा वाटा मोठा आहे. पाऊस संपल्यावर आत ठेवलेली रोपे ऑक्टोबरच्या उन्हात एकदम नेऊ नयेत. आठ-दहा दिवस थोडे थोडे ऊन वाढवत न्यावे. पान एकदा भाजले की तो डाग जात नाही.

इमारतीच्या गच्चीवर मोठ्या कुंड्यांत काही लावायचे आहे. समुद्र समोरच आहे. पाऊस अडवता येणार नाही. (एका सोसायटीचे सदस्य, वर्सोवा)

पाऊस अडवता येणार नसेल तर नाजूक रोझेटचा विचार सोडावा आणि घायपाताच्या कुळाकडे, म्हणजे अगेव्हकडे वळावे. खारा वारा, भरपूर ऊन आणि मोठा पाऊस हे तिन्ही सोसणारे, एक मीटरपर्यंत पसरणारे अगेव्ह ॲटेन्युएटा आपल्या कामाचे आहे. त्याच्या फिकट राखाडी-हिरव्या पानांना काटे नसतात, त्यामुळे मुले खेळत असलेल्या गच्चीवर ते निर्धास्त ठेवता येते. नेहमीचे काटेरी घायपात, अगेव्ह अमेरिकाना, जाण्या-येण्याच्या वाटेवर ठेवू नये. त्याच्या पानाच्या टोकाचा काटा डोळ्याच्या उंचीवर येतो आणि त्याच्या रसाने अंगाला खाज सुटते. कुंडी मोठी आणि जड असावी, तळाची भोके विटांवर उचलून मोकळी ठेवावीत.

सोसायटीच्या सभेत एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी. अगेव्ह आयुष्यात एकदाच फुलतो. त्याला बरीच वर्षे लागतात, मग मधून उंच दांडा निघतो आणि फुलोरा संपल्यावर ते रोझेट वाळून जाते. ही माळ्याची चूक नव्हे. बुंध्याशी आलेली पिल्ले पुढे चालतात. आपल्या घरची कोरफड मात्र तशी नाही. तीही रोझेटच आहे, पण तिचा दांडा बाजूने येतो, आणि फुलून गेल्यावर झाड पूर्ववत वाढत राहते. गच्चीच्या कडेला कोरफडीची रांग लावावी, तिच्यासारखे बिनतक्रार झाड नाही.

घरात मांजर आहे. कोणती रोझेट सुरक्षित? (एक वाचक, दादर)

हॉवर्थिया आणि एकेवेरिया मांजरांना अपायकारक मानल्या जात नाहीत. कोरफड, कलांचो (पानफुटीच्या गटातली झाडे) आणि अगेव्ह मात्र मांजराच्या तोंडाला लागणार नाहीत अशा जागी ठेवावेत.

इंटरनेटवरून मी ‘स्पायरल ॲलो’ आणि निळ्या रंगाच्या रोझेटच्या बिया मागवल्या. अडीच महिने झाले, काहीच उगवले नाही. (एक वाचक, कांदिवली)

आपली निराशा मी समजू शकतो. एकेवेरियाचे बी धुळीच्या कणाएवढे असते, पाकिटातून मोहरीएवढे दाणे निघाले असतील तर ते या झाडाचे नव्हेत. गडद निळ्या आणि इंद्रधनुषी रंगांची जी छायाचित्रे दाखवली जातात ती रंगवलेली असतात. स्पायरल ॲलो, म्हणजे ॲलो पॉलिफिला, हे मात्र खरे झाड आहे. त्याची पाने पाच रांगांत, एखाद्या रोपात डावीकडे तर एखाद्यात उजवीकडे वळत जातात. परंतु ते आफ्रिकेतील लेसोथो या देशाच्या उंच, थंड, धुक्याच्या डोंगरउतारांवरचे आहे आणि मुंबईची उष्ण रात्र त्याला झेपणार नाही. त्याच पैशांत घोस्ट प्लांटच्या दोन मोठ्या कुंड्या येतात.

पानफुटीचे पान मातीवर टाकले की रोप येते. या रोझेटचेही तसेच होते का? मी पाने टाकली, पण ती काळी पडली. (एक विद्यार्थिनी, विलेपार्ले)

आपली तुलना फार योग्य आहे, कारण पानफुटी आणि एकेवेरिया एकाच कुळातल्या आहेत. याच पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते आणि दिवस वर चढतो तशी ती चव ओसरते, असे भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने नोंदवले आणि ती नोंद १८१५ साली छापून आली. पहिल्या उत्तरात सांगितलेले रात्रीचे आम्ल ते हेच.

फरक असा की पानफुटीला रोपे पानाच्या कडेवरच्या खाचांतून येतात, तर एकेवेरिया आणि ग्रॅप्टोपेटॅलमला ती पान जिथे देठाला चिकटलेले होते त्या टोकातून येतात. म्हणून पान तोडताना ते डावीकडे-उजवीकडे हलवून त्या टोकासकट अखंड काढावे लागते. टोक अर्धवट तुटले तर काहीच येत नाही. आपली पाने काळी पडली कारण ती बहुधा लगेच ओल्या मातीवर ठेवली गेली. ती दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यावीत, मग कोरड्या मिश्रणावर नुसती आडवी ठेवावीत, खोचू नयेत. दोन ते चार आठवड्यांत गुलाबी, केसांसारखी मुळे दिसतील, आणि त्यांच्यामागून तांदळाच्या दाण्याएवढे इवलेसे रोझेट येईल. मुळे दिसल्यावर त्यांच्यावर चिमूटभर मिश्रण घालावे आणि आठवड्यातून दोनदा फवाऱ्याने जेमतेम ओल करावी. मूळ पान हळूहळू सुरकुतते आणि कागदासारखे वाळले की आपोआप सुटते. तोवर ते ओढून काढू नये, कारण पिल्लू अजून त्याच्याच पाण्यावर जगत असते.